कंगवा कुणाच्या हातात?

पत्र

ताई, मी ३८ वर्षांची आहे. रुग्णालयांमध्ये तपासणीची मोठी यंत्रं बसवायची, चालू करून द्यायची, तिथल्या लोकांना ती शिकवायची आणि बिघाड झाला की पळायचं, असं माझं काम. महिन्यातल्या १२ ते १५ रात्री मी बाहेर असते, कधी देशात, कधी परदेशात. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी साडेचारची. नवऱ्याची नोकरी घरून चालते, तो मुलांचं सगळं उत्तम बघतो. गेल्या वर्षी त्याला वरचं पद देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही, पण तो निर्णय त्याचा स्वतःचा होता. माझ्या कामाबद्दल त्याने आजवर एका शब्दाने तक्रार केलेली नाही.

तरी काहीतरी बिनसलंय. मी निघायच्या दोन दिवस आधी आमचं हमखास भांडण होतं, तेही कुठल्या तरी फालतू गोष्टीवरून. मुलगा फोनवर 'हो', 'बरं', 'ठेवू?' एवढंच बोलतो. मागच्या महिन्यात ११ दिवसांनी, रात्री उशिरा घरी पोचले. सकाळी नवरा मुलीची वेणी घालत होता. मी त्याच्या हातातून कंगवा घेतला, म्हटलं दे, मी घालते. तर मान सोडवून घेत ती म्हणाली, "तुला नाही येत. बाबा आधी मधला भांग पाडतो." नवरा काही न बोलता आत निघून गेला. मी वेणी घातली, ती वाकडी झाली, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि त्याच संध्याकाळपासून मुलगी मला क्षणभर सोडेना, बाथरूमच्या दाराशीसुद्धा बसून राहिली. मला काही कळेनासं झालंय. नोकरी सोडू का?

– घरातली पाहुणी

ता. क. : दर वेळी मुलांसाठी खेळणी आणते. आता मुलगी माझ्या आधी बॅगेकडे बघते. आणणं बंद करू का?

उत्तर

तुमची सही वाचून आधी वाटलं, बाई जरा जास्तच मनाला लावून घेतेय. मग कंगव्याचा प्रसंग वाचला. पण 'पाहुणी' हा शब्द मला अजूनही पटत नाही. पाहुणी कुणाच्या हातातून कंगवा घेत नाही, ती बसते आणि वेणी छान झाली म्हणते. हातातून वस्तू घेतो तो तपासणीला आलेला साहेब.

हे मी स्वतःवरून सांगतेय. मी १७ वर्षं हिशेबतपासनीस म्हणून फिरतीवर होते. एकदा तीन आठवड्यांनी घरी आले, चपला काढल्या आणि हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरातले डबे 'जागच्या जागी' लावायला घेतले. मिठाचा डबा खालच्या फळीवर कसा काय गेला, असं काहीतरी पुटपुटत. नवरा दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "शेरे लेखी देणार की तोंडी?" मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही. मीठ खाली का गेलं होतं, ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. मुलाचा हात वरच्या फळीला पोचत नव्हता, आणि मी नसताना तो वडिलांना स्वयंपाकात मदत करायला लागला होता.

नोकरी सोडू का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर बाकीचं सगळं तुम्ही त्याच्याच शोधात वाचाल. या कारणासाठी सोडू नका. तुमच्या घरात जाण्याची अडचण कमी आणि येण्याची जास्त आहे. राजीनामा देऊन येण्याची अडचण सुटत नाही, फक्त एकदाच मोठं यावं लागतं. आणि मग तो कंगवा रोज ओढला जाईल.

आता मुलगी, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय. जेम्स रॉबर्टसन नावाचे गृहस्थ १९४८पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात, आई आणि मुलाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करत होते. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत लहान मूल दाखल झालं की आईवडिलांना भेटायची वेळ अगदी तुटपुंजी मिळायची, काही ठिकाणी आठवड्यातून एकदाच. रॉबर्टसन वॉर्डात बसून या मुलांकडे बघत राहिले. मूल आधी आकांत करायचं, मग हताश होऊन गप्प व्हायचं, आणि मग शहाण्यासारखं वागायला लागायचं. खायचं, खेळायचं, पण आई आली की तिच्याकडे बघायचं नाही. कर्मचाऱ्यांना वाटायचं, चला, रुळलं. रॉबर्टसन यांचं म्हणणं असं की ते रुळलेलं नसतं, आईपासून मनाने तुटलेलं असतं. हीच मुलं घरी गेल्यावर आईला घट्ट चिकटून राहायची, तिला नजरेआड होऊ द्यायची नाहीत.

ओळखीचं वाटलं ना? सकाळी मान सोडवून घेणारी आणि संध्याकाळी दाराशी बसणारी मुलगी तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सांगत नाहीये.

पण लगेच धसका घेऊ नका. ती मुलं आजारी होती, अनोळखी जागेत होती, दर पाळीला नव्या माणसाच्या हातात होती. पुढे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी, आया बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना, चार लहान मुलांना स्वतःच्या घरी सांभाळलं. आधी मुलांशी ओळख केली, त्यांच्या सवयी विचारून घेतल्या, घरून त्यांच्या वस्तू आणल्या, आईचं नाव घरात निघत राहू दिलं. ती मुलं कासावीस झाली, पण परक्या हातांत पडलेल्या मुलांसारखी कोलमडली नाहीत. तुमच्या मुलीकडे तर याहून कितीतरी जास्त आहे. स्वतःचं अंथरूण आहे, भाऊ आहे, आणि आधी मधला भांग पाडणारा बाप आहे. तिने तुम्हाला 'तू नको' म्हटलेलं नाही. तुम्ही नव्हता तेव्हा तिने ज्या गोष्टी धरून दिवस काढले, त्यातली एक तुम्हाला सांगितली. त्या क्षणी खाली बसून "दाखव बरं, बाबा कसा पाडतो?" एवढं विचारलं असतंत तर तुम्हाला ११ दिवसांची सगळी हकीकत मिळाली असती.

एक प्रश्न मात्र घरातून हद्दपार करा : "माझी आठवण आली का?" पोराने हो म्हटलं तर तुम्ही कळवळता, नाही म्हटलं तर दुखावता. दोन्हींत तुम्हाला सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. तुम्हाला आली असेल तर ती सांगा. "बॅगेत तुझा एक मोजा निघाला, मी तो उशीजवळ ठेवला होता" हे ऐकायला साडेचार वर्षांच्या माणसाला फार आवडतं.

आणि या वयाला 'पुढच्या बुधवारी' म्हणजे काय ते कळत नाही. जितक्या रात्री, तितक्या कागदी पट्ट्यांची साखळी करून द्या, रोज झोपताना एक फाडायची. मुक्काम लांबला तर ते फोनवर तुम्ही स्वतः सांगा आणि नवी पट्टी बाबाकडून जोडून घ्या. पहाटेचं विमान असलं तरी ती झोपेत असताना न सांगता निघू नका. रात्रीच सांगा, रडली तर रडू दे. सकाळी उठून आई गायब, यापेक्षा ते रडणं स्वस्त.

मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला "आज शाळेत काय काय झालं?" विचारणं म्हणजे तोंडी परीक्षाच, तो 'बरं'च म्हणणार. त्याला प्रश्न नको, उद्योग द्या. बुद्धिबळ येत असेल तर रोज एक चाल. नाहीतर त्या दिवशी खोललेल्या यंत्राच्या एखाद्या सुट्या भागाचा फोटो, परवानगी असेल तर, आणि खाली एवढंच : हे काय असेल ओळख. आईचं काम आपल्याला तिच्यापासून लांब नेतं, इतकंच त्याला आत्ता माहीत आहे. ते गमतीचंही आहे, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

निघण्याआधीचं भांडण 'फालतू गोष्टीवरून' होतं म्हणता. फालतूच असणार. जे बोलायचं ते बोलायचं नसतं, तेव्हा टॉवेल कुठे वाळत घातला यावरून जुंपते. कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ साली अमेरिकी नौदलातल्या माणसांच्या बायकांविषयी लिहिताना या सगळ्याच्या सात पायऱ्या मांडल्या. जहाज निघायच्या आधी ताटातुटीची चाहूल लागते, मग दोघं मनाने आधीच लांब जायला लागतात. कुरबुरी वाढतात, कारण रागावलेल्या माणसाला निरोप देणं सोपं जातं. मग गैरहजेरीतला गोंधळ, मग घडी बसते, मग परतीची वाट बघणं. माणूस परतला की येते सहावी पायरी, तिला त्यांनी नाव दिलं लग्नाचा करार नव्याने ठरवणं. सातवीवर घर पुन्हा स्थिरावतं.

त्यांचा हिशेब अनेक महिन्यांच्या सफरींचा होता. तुमच्याकडे हेच चक्र महिन्यातून एकदोनदा फिरतं. माझा अंदाज असा की तुम्ही दोघं सहाव्या पायरीवर जेमतेम पाय ठेवता आणि पुढचं तिकीट येतं. वर्षभरात सातवी तुम्ही पाहिलेलीच नाही.

त्यामुळे सगळा जोर परतीच्या दिवसावर द्या. तुम्ही बिघडलेलं यंत्र बघायला जाता तेव्हा आल्याआल्या बटणं दाबत सुटत नाही. ते रोज चालवणाऱ्या माणसाला आधी विचारता, कधीपासून होतंय, काय वेगळं दिसतंय, तुम्ही काय करून बघितलंत. घरी तेवढंच करा. पहिला पूर्ण दिवस काहीही बदलायचं नाही, ना डबे, ना झोपायच्या वेळा, ना भांग. मुलं झोपल्यावर नवऱ्याकडून अर्धा तास नुसतं ऐकून घ्यायचं. कुणाचं पोट बिघडलं, शाळेतून काय आलं, कुठला नवा नियम लागू झाला आणि का. मधे 'मी असते तर' हे तीन शब्द उच्चारायचे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एक काम मागून घ्यायचं, अख्खं. संध्याकाळची आंघोळ म्हणजे आंघोळ, त्यात पाणी काढून देणं आणि नंतर टॉवेल शोधणंही आलं.

परदेशातून आल्यावर तर हे आणखी कडक पाळा. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासानेच सरकतं, पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर त्याहूनही रखडत. म्हणजे पाच तासांचा फरक असेल तर घरातले पहिले चारपाच दिवस तुम्ही अर्ध्या झोपेतच वावरता. ११ दिवसांची कसर पहिल्याच सकाळी भरून काढायची घाई, वर डोळ्यांवर झोप. वेणी वाकडीच होणार.

लांब असतानाही घराचं एखादं पूर्ण काम तुमच्याकडे राहू द्या, असं की ज्याची आठवणसुद्धा नवऱ्याने ठेवायची नाही. शाळेचे निरोप आणि फॉर्म, दातांच्या तपासणीच्या वेळा, लहान झालेले कपडे-बूट मागवणं, यातलं बरंच फोनवरून होतं. रात्री हॉटेलात बसून "काही मदत हवी का?" विचारण्यापेक्षा हे बरं. मदत मागायची तर आधी काय हवंय ते त्याला शोधावं लागतं, म्हणजे पुन्हा कामच.

आता त्या अर्ध्या वाक्याकडे येते, ज्याच्यासाठी मी तुमचं पत्र निवडलं. "ते त्याने घेतलं नाही, पण तो निर्णय त्याचा स्वतःचा होता." एवढ्या पत्रात हे एकच वाक्य तुम्ही बचावाचं लिहिलंय. मी तर काही विचारलंच नव्हतं.

त्याची बाजू माझ्यासमोर नाही. कदाचित ते पद त्याला खरंच नको असेल. पण महिन्यातल्या १५ रात्री ज्याच्या एकट्यावर घर आहे, त्याला "जबाबदारी वाढेल, वेळा वाढतील, चालेल ना?" असं विचारल्यावर तो किती मोकळेपणाने उत्तर देऊ शकतो? हेच उलटं करून बघा. नवरा फिरतीवर आहे, घर सांभाळणाऱ्या बायकोने बढती सोडली, आणि तो मला लिहितोय की तो तिचा स्वतःचा निर्णय होता, तिने एका शब्दाने तक्रार केलेली नाही. वाचून तुमच्याच भुवया वर गेल्या असत्या.

आणि हे तुम्हाला दिसलं नाही याचा दोष मी सगळा तुम्हाला देत नाही. फिरतीच्या बाईला जो भेटेल तो विचारतो, मुलांना सोडून कसं गं जमतं? फिरतीच्या पुरुषाला हे विचारलेलं मी १७ वर्षांत ऐकलं नाही, त्याला विचारतात विमानतळ कसा होता. रोज रोज तेच ऐकून तुमची सगळी टोचणी मुलांच्या नावे जमा झालीय. तुमची मुलं ठीक आहेत, जवळजवळ निश्चित सांगते. बाकी निघतेय ती दुसऱ्या खात्यावर. कंगवा तुम्ही मुलीच्या केसांतून ओढलात असं तुम्हाला वाटतंय, तो नवऱ्याच्या हातातून ओढला होतात. आणि तो काही न बोलता आत गेला. तुम्ही त्याचं न बोलणं समजूतदारपणात जमा केलंत. मी ते तसं धरलं नसतं.

पुढच्या मुक्कामाआधी नको आणि पोचल्यापोचल्याही नको, मधल्या एखाद्या शांत दिवशी त्याला विचारा, "ते पद सोडलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं? मी तेव्हा विचारलंच नाही." आणि गप्प बसा. तो आधी "काही नाही गं, ठीक आहे" म्हणेल. तरी गप्प बसा. मग जे येईल ते कदाचित वर्षभर शिळं झालेलं असेल, धारदार असेल. "मग तेव्हाच सांगायचं होतंस" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

त्यातून काय निघेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पुढची दोन वर्षं त्याच्या कामाला झुकतं माप द्यायचं, असं ठरेल. किंवा नुसतं ऐकून घेतल्यानेच त्याचं भागेल, तेही होतं. पण मला विचाराल तर महिन्याला १५ रात्री हा आकडा, घरात साडेचार वर्षांचं मूल असताना, जास्त आहे. नऊ-दहावर आणता येतो का बघा. वरिष्ठांकडे "घरची अडचण आहे" म्हणून जाऊ नका, मागच्या सहा महिन्यांच्या रात्रींची यादी घेऊन जा. यातल्या कुठल्या दुरुस्त्या फोनवर झाल्या असत्या, कुठले दोन दौरे एकत्र झाले असते, कुठलं प्रशिक्षण व्हिडिओवर चाललं असतं. परदेशातून आल्यावरचा पहिला दिवस घरून. आणि तारखा निदान तीन आठवडे आधी. बिघाड सांगून येत नाही हे कबूल, पण यंत्र बसवायची आणि शिकवायची तारीख तर ठरवूनच असते. ज्याला घर सांभाळायचंय त्याला दोन रात्री कमी होण्याइतकाच उपयोग आधी कळण्याचा होतो. यावर ते सरळ नाही म्हणाले, तर मग नोकरी बदलण्याचा विचार दोघांनी बसून करा. रात्री दोनला विमानतळावर एकटीने नाही.

राहिली खेळणी. बंद करा, पण गाजावाजा न करता. पुढच्या वेळेपासून बॅग दारात उघडू नका, दुसऱ्या दिवशी उघडा. आणायचंच तर बिनपैशाचं काहीतरी, तुमच्या त्या दिवसांतलं. मुलाला बोर्डिंग पासचा तुकडा, किंवा यंत्रातून काढून टाकलेला एखादा स्क्रू, ज्याच्या मागे गोष्ट आहे असा. मुलीला केसांचं एक साधं रबर पुरेल. ते ती बहुधा घेऊन पळत जाईल आणि बाबाच्या हातात देईल. देऊ दे.